खाडाखोडीवर सही

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराची चौकट सागवानी आहे. तिच्या डाव्या अंगावर घराचा इतिहास पेन्सिलीनं लिहिलेला आहे आणि तो खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खाली मुलाच्या पहिल्या वाढदिवसाची रेघ, मग दर वर्षाला एकेक. काही वर्षं दोन रेघांत चार बोटांचं अंतर, काही वर्षं जेमतेम दोन. १९८९ च्या रेघेशेजारी माझ्या बँकेतल्या अक्षरात '१० पूर्ण' असं लिहिलेलं आहे.

२०२४ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नात दहा वर्षांची झाली. टाचा चौकटीला टेकवून, श्वास रोखून उभी राहिली. मी डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली, पोनीटेल हिशेबात धरायची नाही हे बजावलं आणि रेघ ओढली. ती बाजूला झाली. तिची रेघ तिच्या बाबाच्या दहाव्या वर्षाच्या रेघेपेक्षा एक बोट वर होती. मग काय, घर डोक्यावर.

मी गप्प बसलो असतो तर दिवस गोड गेला असता. पण सगळी नोकरी लेजरसमोर गेलेल्या माणसाला दोन आकडे शेजारी दिसले की ते जुळवून बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

"थांब," मी म्हणालो. "मधे फरशी बदलली."

२००६ मध्ये आम्ही शहाबादीवर टाइल्स बसवल्या. शहाबादी उखडली नाही. उखडलीत तर खालच्यांच्या छताची जबाबदारी माझी नाही, असं कॉन्ट्रॅक्टरनं सांगितल्यामुळे तिच्यावरच माल टाकून नवी फरशी आली. जमीन वर आली, चौकट तिथंच राहिली. म्हणजे बाबाची उंची शहाबादीपासून मोजलेली आणि मुलीची टाइलपासून. नव्या जमिनीच्या हिशेबानं बघायचं तर बाबाची रेघ वर सरकवायला हवी.

नात माझ्याकडं बघतच राहिली. "आजोबा, १९८९ ची उंची तुम्ही आज वाढवताय?"

"वाढवत नाही गं. दुरुस्त करतोय."

"चीटिंग आहे हे."

त्या आठवड्यात देशभर हाच तमाशा चालू होता. २९ मे रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रानं ५२.९ अंश दाखवले. राजस्थानातल्या फलोदीचा २०१६ चा ५१ अंशांचा विक्रम मोडला म्हणून वाहिन्यांवर पट्ट्या धावू लागल्या. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या एका केंद्रानं ५६ दाखवले आणि आमच्या घरचा फोन वाजला. नागपूर हे हिचं माहेर. फोनवर मेहुणा.

"भाऊजी, छप्पन झालं न बाप्पा! आता बोला."

आता मी काय बोलणार? एप्रिलमध्ये पुण्यात फार उकडतंय अशी तक्रार मी त्याच्याकडं केली होती, तिचं हे उत्तर होतं. त्याच्या आवाजात घाम कमी आणि अभिमान जास्त होता. पण हे वैभव फार टिकलं नाही. त्याच शहरातली दुसरी यंत्रं ४४-४५ च्या आसपास घुटमळत होती. हवामान खात्यानं यंत्रातला बिघाड जाहीर केला. मुंगेशपूरचा सेन्सरही ३ अंश जास्त दाखवत होता असं निघालं. फोन पुन्हा वाजला.

"तुमच्या पुण्याच्या लोकाईनं कमी केलं असन."

गंमत बघा. ५६ चा आकडा कधी आलाच नसता तर मेहुण्यानं ४४ अंश मुकाट्यानं घामासकट सोसले असते. पण एकदा हातात ठेवलेले बारा अंश परत मागितले, ही त्याची जखम होती. संपूर्ण विदर्भाच्या अनुशेषात त्यानं ते बारा अंशही मिळवले असावेत.

मी स्वतःही एकदा असा लुबाडला गेलो आहे. शाळेत सामान्यज्ञानाच्या तासाला घोकलं होतं: जगातलं सर्वांत उष्ण ठिकाण, लिबियातलं अल अझिझिया, ५८ अंश. तारीख १३ सप्टेंबर १९२२. पुढं २०१२ मध्ये, बरोबर नव्वद वर्षांनी त्याच तारखेला, जागतिक हवामान संघटनेनं हा विक्रम रद्द केला. तिथला तापमापक जुन्या पद्धतीचा होता. पारा आपल्या डोक्यावरची एक बारीक दांडी ढकलत वर नेतो आणि उतरताना तिला तिथंच सोडून येतो. मग दांडीचं खालचं टोक वाचायचं असतं. त्या दिवशी वाचणारा माणूस नवखा होता आणि त्यानं बहुधा वरचं टोक वाचलं. दांडीच्या लांबीएवढे, म्हणजे सुमारे ७ अंश, फुकटात जमा झाले. जगभरच्या पोरांनी नव्वद वर्षं ते पाठ केले. आता हा मान अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीकडं आहे, १९१३ चे ५६.७ अंश. त्या दृष्टीनं नागपूर अगदी थोडक्यात हुकलं, हे मी मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.

पण बिघडलेलं यंत्र आणि चुकलेला माणूस ही प्रकरणं सोपी. यंत्रही बरोबर, माणूसही बरोबर, आकडाही बरोबर आणि तरी वही खोटं बोलते, हे खरं अवघड. त्यासाठी पुणेकरानं लांब जायला नको. शिवाजीनगरला हवामान खात्याच्या दगडी इमारतीपाशी बस थांबते त्या थांब्याला सगळे सिमला ऑफिस म्हणतात. खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं आणि येताना गावाचं नावही सामानात बांधून घेऊन आलं. आता समजा, एखाद्या भाबड्या कारकुनानं 'सिमला ऑफिस' या एकाच नावाखाली रोजचं तापमान लिहिलं असतं. १९२७ पर्यंत २२०० मीटर उंचीवरचं सिमला आणि १९२८ पासून ५६० मीटरवरचं शिवाजीनगर. प्रत्येक आकडा प्रामाणिक, सहीशिक्क्यानिशी. आणि त्या वहीवरून सिद्ध काय होतं? १९२८ मध्ये हिमालयाला ताप चढला!

असं प्रत्यक्षात थोडंच घडतं, असं वाटेल. न्यूझीलंडमध्ये घडलं, आणि योगायोग असा की त्याच १९२८ मध्ये, फक्त उलट्या दिशेनं. वेलिंग्टनचं केंद्र थॉर्नडन भागात समुद्राच्या पातळीला लागून होतं, ते केलबर्नच्या टेकडीवर सुमारे १२५ मीटर उंचीवर गेलं. टेकडीवर हवा गार. दोन ठिकाणांत सरासरी सुमारे ०.८ अंशाचा फरक. वहीत तेवढा एकदम उतार आला आणि त्या एका पायरीनं नंतर हळूहळू चढलेलं तापमान झाकून टाकलं. शास्त्रज्ञांनी पायरी सपाट केली, म्हणजे थॉर्नडनचे जुने आकडे तेवढ्यानं खाली घेतले, आणि देशातल्या सात केंद्रांची मिळून शतकात सुमारे ०.९ अंशाची वाढ दिसू लागली. २००९ मध्ये शंकेखोरांनी मूळ आकड्यांचा आलेख छापला. तो जवळजवळ आडवा होता. झालं! भूतकाळ थंड केला, तापवाढ कागदावर बनवली, असा गलका उठला.

इथं माझ्यातला कारकून जागा होतो, कारण त्या लोकांचा एक प्रश्न अगदी रास्त होता. वर्किंग कुठंय? दुरुस्त्यांची मूळ पद्धत जिम सॅलिंजर या संशोधकाच्या १९८१ च्या प्रबंधातली आणि त्या वेळच्या आकडेमोडीची संगणकावरची नोंद मधल्या काळात हरवलेली. उत्तर बरोबर असेलही, पण उत्तरपत्रिकेच्या उजवीकडचा कच्च्या कामाचा रकाना गायब! असल्या विद्यार्थ्याला आमच्या गणिताच्या मास्तरांनी बाकावर उभं केलं असतं. मग निवा या तिथल्या संस्थेनं २०१० मध्ये सगळा हिशेब पहिल्यापासून पुन्हा मांडला आणि ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याकडून तपासून घेतला. उत्तर जवळपास तेच आलं. तरी प्रकरण कोर्टात गेलंच. २०१२ मध्ये न्यायमूर्ती व्हेनिंग यांनी अर्ज फेटाळला. शास्त्रज्ञांच्या आपसातल्या पद्धतीच्या वादात कोर्टानं जपूनच पाऊल टाकावं, असा त्यांचा एकंदर सूर होता. वर अर्जदार ट्रस्टलाच खर्च भरायला सांगितलं. टेकडी चढल्यावर गार वाटतं, ही गोष्ट ठरवायला उच्च न्यायालय लागलं.

मूळ नोंद म्हणजे खरी नोंद, या समजुतीला आपल्याकडं तरी फार मान मिळू नये. माझी जन्मतारीख १ जून आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची १ जूनच होती. आई सांगायची, तू श्रावणातला, बाहेर मुसळधार पाऊस. पण शाळेत नाव घालायला गेलो तेव्हा गुरुजींनी माझ्याकडं एकदा नजर टाकली आणि रजिस्टरात शाईनं १ जून लिहिला. ती माझी मूळ नोंद. तिला कोणी हात लावलेला नाही, तिच्यात खाडाखोड नाही. तिच्यामुळे बँकेनं मला ३१ मे रोजी हार घालून घरी पाठवलं आणि माझा तीन महिन्यांचा पगार श्रावणाच्या अलीकडं वाहून गेला.

आणि आकडा कुठं वाचला एवढंच नव्हे, किती वाजता वाचला यानंही घोटाळा होतो. हे मला समजलं ते घरच्या तापाच्या थर्मामीटरमुळे. पाऱ्याच्या थर्मामीटरमध्ये पारा चढतो तिथं अडकतो, तो झटकून खाली आणावा लागतो. एकदा मुलाचा १०२ ताप बघून ठेवलेलं थर्मामीटर न झटकता मी स्वतःच्या काखेत लावलं आणि दोन दिवस रजा घेतली. कमाल तापमानाचा तापमापक याच जातीचा. अमेरिकेत हजारो हौशी माणसं वर्षानुवर्षं आपल्या अंगणातली रोजची नोंद सरकारला कळवत आली आहेत. त्यांतले बरेच जण पूर्वी संध्याकाळी पाचला वाचायचे. समजा सोमवार भयंकर तापला, पाचलाही ३९ अंश. वाचलं, पारा झटकला. पण हवा तापलेलीच, पारा झटकताक्षणी पुन्हा ३९ वर. मंगळवारी ढग आले, दिवसभर ३२ च्या पुढं गेलं नाही, तरी मंगळवारी पाचला तापमापक काय सांगणार? ३९. एका सोमवारचं ऊन दोन दिवसांच्या खात्यावर जमा. बँकेत अशी दुबार नोंद सापडली की सगळी ब्रँच रात्री नऊपर्यंत बसायची.

पुढं एकेक करून ही मंडळी सकाळी वाचू लागली, कारण पाऊस मोजायला सकाळची वेळ बरी, रात्रीत बाष्पीभवन कमी. आता गार पहाट दुबार मोजली जाऊ लागली. हवा होती तशीच, पण वही थंड होत गेली. ही थंडी हिशेबातून काढली की अमेरिकेची तापवाढ जास्त दिसते आणि बघा बघा म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळतं.

एक दुरुस्ती मात्र अशी आहे की तिच्याविरुद्ध मोर्चा निघाल्याचं मी कधी ऐकलं नाही. जुन्या काळी जहाजावरून समुद्राचं तापमान घ्यायचं म्हणजे बादली टाकून पाणी वर ओढायचं आणि त्यात तापमापक बुडवायचा. पुष्कळ बादल्या कॅनव्हासच्या. ज्यांनी जुन्या ट्रकच्या पुढ्यात लटकणारी छागळ पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ओला कॅनव्हास, वर वारा, आतलं पाणी गार. डेकवर येईस्तोवर समुद्र आपल्या खऱ्या तापमानापेक्षा थंड व्हायचा. नंतर जहाजं इंजिनाकडं खेचलेल्या पाण्याचं तापमान घेऊ लागली आणि इंजिनघरात गारव्याचा काय संबंध? म्हणून जुने सागरी आकडे वर उचलावे लागतात. समुद्र पृथ्वीचा सत्तर टक्के भाग, त्यामुळे सगळ्या दुरुस्त्यांची जमाखर्चाची बेरीज केली तर जगाची एकूण तापवाढ मूळ आकड्यांपेक्षा थोडी कमीच होते. शास्त्रज्ञांना आकडे फुगवायचेच असते तर त्यांनी छागळीच्या वाटेला जायचं कारण नव्हतं. पण आपल्या विरुद्ध झालेली खाडाखोड जेवढी डोळ्यांत भरते तेवढी बाजूची भरत नाही. पासबुकात चुकून जास्त रक्कम लागली म्हणून काउंटरवर येऊन भांडलेला खातेदार मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला आणि तोही नंतर शिक्षक निघाला.

केंद्र हललं होतं हे वहीत लिहिलेलं नसेल तर कळतं कसं? शेजाऱ्यांवरून. सोसायटीत सगळ्यांची विजेची बिलं नेहमीएवढीच आणि आमचंच एका महिन्यात दुप्पट आलं, तर आम्ही उन्हाळा वाढला असं म्हणत नाही, मीटर बघायला माणूस बोलावतो. आजूबाजूची केंद्रं जागची हलत नाहीत आणि मधलंच एक उडी मारतं, तेव्हा हवामानवालेही हेच करतात. पुष्कळदा मग जुन्या कागदांत सापडतं की त्या साली पेटी अंगणातून गच्चीवर गेली होती. ही पेटी म्हणजे झडपांची पांढरी स्टीव्हन्सन स्क्रीन, थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरची कल्पना. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारे स्टीव्हन्सन हे त्यांचे चिरंजीव. बापानं पेटी दिली, मुलानं पेटारा.

बाहेरचा ऑडिटरही येऊन गेला आहे. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना या आकड्यांवर दाट शंका होती. त्यांनी आपली वेगळी टोळी जमवून हजारो केंद्रांचा हिशेब आपल्या पद्धतीनं नव्यानं केला. पैशातला काही भाग तेलउद्योगातल्या कोक घराण्याच्या संस्थेचा. ऑडिटरचा अहवाल आला: वही बरोबर आहे. २०१२ मध्ये म्युलर यांनी आपलं मत बदलल्याचं जाहीर लिहिलं. तोवर त्यांच्या नावानं टाळ्या वाजवणाऱ्या बऱ्याच जणांना मग ऑडिटरचंच ऑडिट करावंसं वाटू लागलं.

माझं मत विचाराल तर मी दुरुस्तीच्या बाजूचा आहे आणि तरी शंका घेणाऱ्यांना सरसकट मूर्ख म्हणायला तयार नाही. आमच्या ब्रँचमध्ये खोडरबराला बंदी होती आणि व्हाइटनर हा शब्द मोठ्यानं उच्चारायचा नसे. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, मूळ आकडा वाचता आला पाहिजे. वर नवा आकडा, शेजारी सही. हवामान खातीही मूळ आकडे जपून ठेवतात, बहुतेक ठिकाणी ते कुणालाही बघता येतात. पण टीव्हीवर आलेख येतो तो नुसता नव्या आकड्यांचा, रेघ आणि सही आत फडताळात राहते. आणि गेल्या वर्षी पाहिलेलं १९३४ साल या वर्षी थोडं वेगळं दिसलं की माणूस बिचकतोच. माझी नात बिचकली तशी.

तिचं प्रकरण दोन दिवस चिघळलं. फरशी किती वर आली यावर एकमत होईना. मुलगा म्हणाला, "अण्णा, दोन इंच तरी असेल." त्याचा यात हितसंबंध होता. नात म्हणाली, एक टाइल अर्ध्या इंचाचीसुद्धा नसते. तिचाही होता. कॉन्ट्रॅक्टरचं बिल कुठं सापडेना. म्हणजे माझंही वर्किंग हरवलेलंच.

"पट्टी आहे की," ही गॅसपाशी उभी राहून म्हणाली.

कसली पट्टी? फरशी वर आल्यावर स्वयंपाकघराचं दार खाली घासायला लागलं होतं, म्हणून सुतारानं ते खालून कापलं होतं. कापलेली पट्टी हिनं टाकली नव्हती, कारण ही काहीच टाकत नाही. डब्यांचं कपाट डुलायचं, ती त्याच्या मागच्या पायाखाली गेली होती. मुलानं कपाट तिरकं केलं, नात पालथी पडून आत घुसली आणि कोळिष्टकांसकट अठरा वर्षांपूर्वीचा पुरावा बाहेर आला. मी फूटपट्टी लावली. पावणेदोन इंच.

"पण सुतारानं थोडी फट सोडली असेल ना?" नात म्हणाली. पोरगी वकील होणार. आत्ताची फट मोजली, पाव इंच. आधी किती होती? ते कुणालाच आठवेना. "झुरळ जाण्याइतकी," ही म्हणाली. झुरळाचं माप तेव्हा कुणी घेतलेलं नव्हतं. म्हणजे फरशी दीड इंच तरी वर आली, फार तर पावणेदोन.

"म्हणजे तुम्हाला नक्की माहीतच नाही!"

"पाव इंचाचं नक्की नाही. तू बाबापेक्षा खाली आहेस एवढं नक्की."

ती घुश्शातच गेली आणि पेन्सिल घेऊन परत आली. तिच्या अटी होत्या. जुनी रेघ पुसायची नाही. नवी रेघ तुटक काढायची. शेजारी कारण, तारीख आणि माझी सही. बाबाची सही चालणार नाही. मी सगळं मान्य केलं. तुटक रेघ ओढली, 'फरशी, २००६' असं लिहिलं, सही ठोकली. मग तिनं माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि स्वतःच्या रेघेशेजारी, मागाहून कुणी काही म्हणायला नको म्हणून, लिहून टाकलं: 'टाइलसकट'.

कपाट तोवर डुलत होतं. पट्टी पायाखाली परत सारण्याआधी हिनं ती पदरानं पुसली आणि तिच्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. मी चष्मा लावून वाचलं. 'टाकू नये.'